निर्धास्त मासे

माणसाचा डोळा हे अत्यंत बेभरवशाचं यंत्र आहे, असं मी छातीठोकपणे सांगायचो! त्याला झोप येते, तो प्रेमात पडतो, त्यात कचरा जातो. संगणकाचं तसं नाही. आमच्या प्रयोगशाळेत माझं कामच ते होतं. टाक्यांवरच्या कॅमेऱ्यांची चित्रं सॉफ्टवेअरला दाखवायची आणि मासे काय करताहेत ते त्याच्याकडून वदवून घ्यायचं.

मासे म्हणजे करंगळीपेक्षा लहान, पट्टेदार. भीती कमी करणाऱ्या एका औषधाची त्यांच्यावर चाचणी चालली होती. माझ्या सहकारी मैत्रिणीनं ते अंड्यांपासून वाढवले होते, म्हणून तिला सगळे मत्स्यमाता म्हणायचे. हिशेब सरळ. घाबरलेला मासा तळाशी दडून बसतो, निर्धास्त मासा वर येतो.

तिच्या वडिलांना अचानक इस्पितळात हलवावं लागलं. निघालेली ती दारातून परत फिरली.

"रोज एकदा तरी टाक्यांपाशी जाऊन बघशील ना रे?"

"अगं, कॅमेरा बघतोय की! तू बाबांकडे बघ."

ती गेली आणि सॉफ्टवेअरनं जाहीर केलं, एका टाकीत चारशे मासे! होते वीसेक. हवेच्या नळीतून येणारा प्रत्येक बुडबुडा त्यानं मासा म्हणून धरला होता. बुडबुड्याला शेपटी नसते हे त्याला कोण समजावणार? मी सोपा उपाय केला. सगळ्या टाक्यांची हवाच बंद केली. चित्र कसं आरशासारखं लख्ख! जाताना चालू करू म्हटलं, आणि तसाच घरी गेलो.

सकाळी आलेख पाहून खुर्चीतच उडालो. सगळे मासे वर! तळाशी औषधालाही भित्रा उरला नव्हता!

आमच्या प्रमुख मॅडम धावत आल्या. मॅडमना दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

"पण औषध न दिलेले मासेसुद्धा वर कसे?" त्यांनी विचारलं.

"संगत, मॅडम! शेजारी निवांत म्हटल्यावर तेही निवांत!"

शहाण्या माणसानं मला तिथंच बाहेर काढलं असतं. मॅडमनी संचालकांना बोलावलं. ते पडद्यासमोर उभे राहून टाळ्या वाजवू लागले, तेवढ्यात मत्स्यमातेचा फोन आला.

"स्पीकरवर घे," मॅडम म्हणाल्या. "तिलाही कळू दे."

"बाबा ऑक्सिजनवर आहेत." तिचा आवाज पार बसला होता. "मासे कसे आहेत?"

"मजेत! सगळे वर आलेत!"

"सगळे?"

"एकूण एक! तोंडं उघडून गप्पा मारल्यासारखे! काही तर आडवे पडून आराम करताहेत!"

पलीकडे कसल्याशा यंत्राची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

"हवा बंद आहे का रे?" तिनं हळूच विचारलं.

संचालकांचे हात टाळी वाजता वाजता हवेतच राहिले. मी जिना उतरलो की पडलो, आठवत नाही. खाली टाक्यांच्या खोलीत नेहमीची गुडगुड नव्हती. पाण्यावर पांढरी पोटं. मी हवा सोडली, बुडबुडे उसळले आणि मेलेले मासे त्यांच्यावर डोलायला लागले. वर पडद्यावर सॉफ्टवेअरनं लगेच नोंद केली: हालचाल वाढली!

भावाला वडिलांपाशी बसवून ती संध्याकाळी आली. तिनं मला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं नुसती जाळी घेतली. एकेक मासा उचलायची, क्षणभर बघायची आणि मी धरलेल्या पिशवीत सोडायची. माफी मागायला मी तोंड उघडलं.

"राहू दे," ती म्हणाली. "खाली ओलं होतंय, पिशवी नीट धर."

कडेच्या टाकीत काही जीव अजून फिरत होते.

"हे किती उरलेत ते मोज," ती म्हणाली.

मी खिशातून मोबाईल काढला आणि कॅमेरा उघडला.

"डोळ्यांनी."

मी गुडघे टेकून काचेला नाक लावलं. मोजले. पुन्हा मोजले. आकडा दर वेळी वेगळा!

"जमत नाहीये," मी म्हणालो. "एका जागी थांबतच नाहीत गं."

"जिवंत आहेत ना," ती म्हणाली, आणि पिशवीला गाठ मारू लागली.