पाचकोनी धातूचा जाहीर कार्यक्रम

एका जंगलात, बाळांनो, गोदूताई साळिंदर राहायची. ती अ‍ॅल्युमिनियमची भट्टी चालवायची.

धातूचे कण फार शिस्तीचे. वितळले की हुंदडतात, सावकाश निवले की प्रार्थनेला उभे राहावे तसे रांगा धरतात. रांगा चौकोनी, नाहीतर षट्कोनी. पाचकोनी कधीच नाही.

एकदा गोदूताईने रसात थोडे मँगनीज टाकले आणि तो गरगर फिरणाऱ्या थंडगार चाकावर ओतला. रस क्षणात गोठला. कणांना रांग धरायला सवडच मिळाली नाही. भिंगातून पाहते तो काय, कण पाचापाचांचा फेर धरून उभे. नक्षी नेटकी, पण सरळ रांगांत काही बसेना. गोदूताईला आनंद मावेना. तिने भट्टीभोवती फुगडी घातली. एकटीनेच घातली, कारण साळिंदराचे हात धरायला कोण येणार?

आकार मंडळाची अध्यक्षा राणीमाशी मात्र भडकली.

"पाचकोनी खोल्या शेजारी शेजारी बसत नाहीत. फट राहते, मध गळतो. सिंहमहाराजांसमोर करून दाखव. नाही जमलं तर भट्टी बंद."

"दाखवते की," गोदूताई म्हणाली. "फक्त रस झाला की लगेच ओतू द्या. निवला की संपलं."

कार्यक्रमाच्या दिवशी रस छान झाला. धुराने महाराजांना शिंका येतात म्हणून भट्टी लगेच विझवली. गोदूताईने भांडे उचलले.

"त्याआधी दीपप्रज्वलन," निवेदक पोपट म्हणाला.

मग स्वागतगीत झाले. मग प्रास्ताविक. प्रमुख पाहुणा हत्ती होता, त्यामुळे त्याचा परिचयही तेवढाच मोठा.

"महाराज, रस निवतोय हो," गोदूताई कळवळून म्हणाली.

"दोन शब्द बोलतो आणि बसतो," सिंह म्हणाला. ते दोन शब्द उन्हे कलेपर्यंत चालले.

शेवटी भांडे उपडे केले. ढेकूळ पडले. भिंगातून पाहिले तर कण सरळ रांगेत. गोदूताईने भिंग खाली ठेवले. भट्टी गेली म्हणायची.

पण राणीमाशी डोळे पुसत होती.

"गोदूताईंनी आपली चूक सर्वांसमक्ष दुरुस्त केली," ती म्हणाली. "अशी शिस्त हवी. भट्टी त्यांच्याकडेच राहील."

टाळ्या कडाडल्या. गोदूताईला शाल पांघरली. ती काट्यांत अशी अडकली की निघेचना.

सत्काराला उत्तर द्यायला गोदूताई उभी राहिली.

"मला वेळेवर ओतू दिलं असतं तर..."

"वेळेअभावी," पोपट म्हणाला, "आपण इथेच थांबू या."

तात्पर्य: घाईने कामाचा विचका होतो. म्हणून कोणी काही नवे शोधण्याच्या बेतात दिसले, की त्याचा ताबडतोब सत्कार करावा.