दार वेगाने उघडण्याबाबत

जे बरं चाललं आहे ते बदलल्याशिवाय प्रगती होत नाही, हे सर्वमान्य आहे. म्हणून संगणकातल्या त्या आभासी नगरीच्या कंपनीने नगरीची आज्ञाभाषा आधुनिक करायचं ठरवलं, ते योग्यच झालं. तिथली घरं, झाडं, मांजरं रहिवाशांनीच रचलेली. ती हलत-बोलत ती जुन्या भाषेतल्या आज्ञांवर. भाषा इतकी संथ, की मांजराला शेपटी हलवायलाही सवड काढावी लागे. (मांजरांची तक्रार नव्हती.)

निवृत्त कंपाउंडर मावशींचं तिथे दोन खोल्यांचं घर होतं. डॉक्टरांची अक्षरं लावण्यात हयात गेलेली. दाराच्या आज्ञा त्यांनी स्वतःच लिहिल्या होत्या. दुसऱ्या देशात राहणारी धाकटी बहीण रोज संध्याकाळी त्या दारात यायची. दार उघडून पुन्हा लागायला आठ सेकंद लागत.

"ताई, आहेस ना गं?"

"नसायला कुठे जातेय? ये."

मग दोघी आत बसून तासभर भांडत. मावशींच्या दिवसात जीव असा तेवढाच.

नवी भाषा आली आणि दार सेकंदाला चारशे वेळा उघडून लागू लागलं. डोळ्यांना ते बंदच दिसे. बहीण तीन दिवस दारावर आपटली. चौथ्या दिवशी आलीच नाही. मावशींना घास गोड लागेना.

तक्रारीवर कंपनीच्या समितीने तत्परतेने कळवलं: आपलं दार पूर्वीच्या तीन हजार दोनशे पट उघडत आहे, सबब अभिनंदन. पाहुण्यांनी आपला वेग वाढवावा. ‘थांब’ ही आज्ञा मागासलेली असल्याने वगळण्यात आली आहे.

थांबायला बंदी होती, पण काम करायला नव्हती. मावशींनी दाराला हुकूम सोडला: उघडलंस की दहा कोटींपर्यंत आकडे मोज, मगच लाग. दाराला बरोबर आठ सेकंद लागले. त्यांनी लगेच बहिणीला फोन लावला.

"ये आता. चार दिवसांचं भांडण तुंबलंय."

"मी आधी भांडणार हं, ताई!"

समितीच्या पाहणीत ते नगरीतलं सर्वांत कष्टाळू दार ठरलं. मावशींना प्रशस्तिपत्र मिळालं, आणि हल्ली इतर दारांनाही आकडे शिकवण्याचं काम युद्धपातळीवर सुरू आहे.

वेळ वाचवण्यासाठी मधला मजकूर गाळून जे वाचक थेट इथे पोहोचले, त्यांचंही अभिनंदन. गोष्ट उघडून बंद झाली. आपण अजून बाहेरच आहात.