आजोबांचा गिअर

जावई घड्याळं दुरुस्त करायचा. तेवढ्या गुन्ह्याबद्दल सासरची सगळी आजारी यंत्रं त्याच्या गळ्यात पडत. या वेळी आला तो मेणाच्या नळकांड्यावर चालणारा फोनोग्राफ. नळकांड्यात सासऱ्यांच्या आजोबांचा आवाज होता: "घरात शिस्त पाहिजे! लवकर उठा, कमी बोला!" मागे भिंतीवरच्या घड्याळाचे पाच ठोके.

आजोबांना हयात माणसांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं. पण आवाज असा खर्जातला, की ऐकताना मुलं ताठ बसायची. तो खर्ज थेट बायकोच्या आत्यांच्या गळ्यात उतरला होता आणि त्या जोरावर त्या घर चालवायच्या. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे सासरे, बारीक आवाजाचे. "आजोबांचा नातू शोभत नाहीस," हे ऐकत साठी उलटली. चहासुद्धा ते खुणेनेच मागत.

जावयाला फक्त तुटका पट्टा बदलायचा होता. पण आत पाहतो, तर वेग आवरणारी तीन वजनं आणि सगळे गिअर वाळक्या ग्रीसमध्ये म्हशींसारखे रुतलेले. त्याला राहवलं नाही. सगळं धुऊन, तेल घालून, नळकांड्याला कागदाची चिठ्ठी चिकटवून त्याने फेरे मोजले. धुण्याआधी, नवा पट्टा लावून, जुन्या ग्रीसमध्ये मिनिटाला एकशे दहा भरले होते. आता एकशे साठ. झाकणावरही एकशे साठच छापले होते.

रविवारी सासरी सगळे ताठ बसले. कर्ण्यातून आवाज आला, "घरात शिस्त पाहिजे!" जणू शेपटीवर पाय पडलेलं मांजर.

"अगं बाई," बायको म्हणाली, "हे तर आपले बाबा!"

"जावईबापू!" आत्या गरजल्या. "आजोबांचं काय केलंत हे?"

"गिअर साफ केले, आत्या."

"आत्ताच्या आत्ता ती घाण परत भरा!"

"भरतो. पण आधी एक ऐका." जावयाने भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पाचावर नेला. टण्ण, टण्ण. मग नळकांडं पुन्हा लावलं. आजोबांमागेही हुबेहूब टण्ण, टण्ण.

"इतकी वर्षं यात डंग, डंग वाजायचं," तो म्हणाला. "घड्याळ तर आजोबांच्या वेळचं, तेच आहे."

आजोबांचा "कमी बोला" हा हुकूम आत्यांनी आयुष्यात प्रथमच पाळला.

सासरे हळूच उठून कर्ण्याजवळ बसले. "पुन्हा लावा," ते म्हणाले.

आठव्यांदा नळकांडं संपलं. जावयाने कळ बंद केली, सुई उचलली, तरी आवाज थांबेना.

"चहा टाका!" आजोबा ओरडत होते. "आणि ताई, साखर दोन चमचे!"