सहाव्या भागातलं दार

चष्मेवाले संध्याकाळी दुकान बंद करून घरी आले, दाराबाहेर बूट काढले, आत येऊन सवयीनं टीव्ही लावला आणि मटकन खालीच बसले. पडद्यावरची लाल रेघ जागेवर नव्हती.

"काय झालं भावोजी? चक्कर आली का?" हातातला टॉवेल टाकून मेव्हणी धावत आली. तिला सगळे छोटी म्हणत. वय बावन्न होतं, पण बहिणीपेक्षा सात वर्षांनी लहान, म्हणून छोटी ती छोटीच राहिली. आठवडाभर राहायला म्हणून ती कालच आली होती.

"ही मालिका कोणी लावली?"

"मीच. दुपारी टीव्ही लावला, तर हीच पहिली दिसली. मस्त आहे हो! दोन भाग बघितले, मग डोळा लागला. ती आपली आपण चालूच राहिली वाटतं."

"आता कितवा भाग आहे?"

"नववा. का हो?"

"ती सहाव्यात होती," चष्मेवाले म्हणाले.

"कोण?" असं विचारताविचारताच छोटीला कळलं, आणि तीही तिथेच खाली बसली.

चष्मेवाल्यांची बायको जाऊन आठ महिने झाले होते. टीव्हीवर मालिका बघायची सोय लेकीनं करून दिली होती आणि त्यावर 'आई' असं नाव घातलं होतं. तिथे 'पुढे पाहा' या रांगेत पहिलंच चित्र एका बंदरावरच्या मालिकेचं होतं. सहावा भाग, आणि खाली अर्ध्याच्या थोडी पुढे गेलेली लाल रेघ. आठ महिने चष्मेवाले रोज संध्याकाळी टीव्ही लावत, रेघ जागेवर आहे ना बघत, आणि टीव्ही बंद करत. शहाण्या माणसानं करावं असं हे काम नव्हे. पण अर्धवट टाकलेलं काम बायकोनं आयुष्यात कधी तसंच ठेवलं नव्हतं, तेव्हा ती रेघ तिथे असेपर्यंत त्यांच्या मनाला कुठेतरी बरं वाटायचं.

तिचं बघणं म्हणजे तरी काय, हातात काम, आणि एक डोळा पडद्यावर. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती जगातल्या सगळ्या सिनेमांचे निकाल लावून मोकळी होई. अंतराळातल्या सिनेमावर तिचं मत होतं, "एवढ्या लांब गेले, आणि तिथे जाऊनही भांडणंच?" भुताच्या सिनेमात ती कायम भुताच्या बाजूनं असे. "त्याचं घर आहे, तो का जाईल?" राजवाड्यातल्या मालिकेचे चाळीस भाग बघून तिनं एवढंच म्हटलं, की इतक्या मोठ्या घरात एकही माणूस झाडू मारताना दिसला नाही. आणि बंदरावरच्या या मालिकेत, जिथे बेपत्ता झालेल्या खलाशाची बायको त्याची वाट बघत असते, तिथे तिनं दुसऱ्याच भागात सांगून टाकलं होतं, "तो काही परत येत नाही. आणि आलाच, तर ओले बूट घालून सरळ घरात शिरेल बघा."

हा टोला खलाशाला नव्हता. तीस वर्षं चष्मेवाले बूट घालून सरळ आत येत, आणि तीस वर्षं ती ओरडत असे. आता ते न चुकता बाहेर काढत, आणि बघायला कोणी नव्हतं.

दुकानात ते दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारत, "हे बरं, की हे?" घरी मात्र त्यांना स्वतःचं मत म्हणून नव्हतं. सिनेमा संपला की बायको विचारायची, "कसा वाटला?"

"बरा होता."

"झोपला होतात तुम्ही."

"झोपेतही बराच वाटला."

एकच गोष्ट तिला खपत नसे. शेवट सांगायचा नाही. एकदा गिऱ्हाइकाकडून ऐकून ते घरी येऊन बोलून गेले, "अगं, शेवटी भाऊच चोर निघतो म्हणे," तर तिनं दोन दिवस अबोला धरला होता.

तर ती रेघ आता नवव्या भागात जाऊन बसली होती. छोटीनं डोळे पुसले, पदर खोचला आणि भाचीला फोन लावला.

"मावशी, रडू नकोस. बाबांना म्हणावं, मी इथूनच नीट करते," लेक म्हणाली. तिनं तिकडे काहीतरी दाबलं. इकडे पडद्यावरून ती मालिकाच नाहीशी झाली. "झालं का?"

"झालं," चष्मेवाले म्हणाले. "होतं तेवढंही गेलं."

मग लेकीनं कंपनीच्या मदत केंद्राचा नंबर दिला. वीस मिनिटं वाजंत्री ऐकल्यावर एक तरुण आवाज आला. "नमस्कार सर, काय अडचण आहे?"

"माझी बायको मालिका बघताना जिथे थांबली होती, ती जागा हरवली आहे."

"काळजी नको सर. कितव्या मिनिटाला थांबल्या होत्या?"

"ते मला माहीत नाही."

"मग मॅडमना फोन देता का जरा?"

चष्मेवाल्यांनी मोबाइल दोन्ही हातांनी धरला. "त्या नाहीत."

"हरकत नाही सर. त्या आल्या, की करा फोन."

"बरं," चष्मेवाले म्हणाले. फोन ठेवल्यावर, आपली सेवा कशी वाटली, असा संदेश आला. छोटीनं रागारागानं एकच तारा दाबला.

"आपण शोधू," ती म्हणाली. "सहावा भाग लावू आणि बघू. ताई काय बोलली होती तेव्हा?"

चष्मेवाल्यांनी तिच्याकडे न बघता सांगितलं. "मी ओरडलो होतो गं तिच्यावर. डोकं दुखत होतं माझं. म्हटलं, किती तो टीव्ही, बंद कर आधी. तिनं लगेच थांबवला. म्हणाली, 'दारावर थाप पडली आणि तुम्ही बंद करायला लावलंत. आता कोण आलंय ते उद्याच कळणार मला.' दुसऱ्या दिवशी दुपारी तिला दवाखान्यात नेलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पाच मिनिटं कळ काढली असती, तर कळलं असतं तिला."

छोटीनं रिमोट उचलला आणि सहावा भाग लावला.

थाप शोधणं सोपं वाटलं होतं. पण त्या मालिकेत लोकांना दुसरा उद्योगच नव्हता. एकट्या सहाव्या भागात चार वेळा दारावर थाप पडत होती. पहिली पोस्टमनची, दुसरी शेजारणीची. तिसरीला आणि चौथीला दार उघडायच्या आधीच चित्र बदलून दुसरीकडे जाई.

"पहिल्या दोन सोडून द्या, त्या फार सुरुवातीला आहेत," छोटी म्हणाली. तिनं तिसरी दाखवली, मग चौथी दाखवली. "ही, की ही?"

"परत दाखव."

"ही, की ही?"

तीस वर्षं दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न आता त्यांच्यावर उलटला होता, आणि त्यांची अवस्था त्यांच्या सगळ्यात चेंगट गिऱ्हाइकासारखी झाली. दोन्ही सारख्याच वाटत होत्या. छोटीनं अकरा वेळा तो भाग मागेपुढे केला.

"थांब," ते एकदम म्हणाले. "थांबवायच्या आधी ती आणखी एक बोलली होती. 'अगं बये, दार राहू दे, आधी पातेलं उतरव, उतू चाललंय.'"

"पातेलं? कुठे आहे पातेलं?"

दोघं टीव्हीच्या जवळ गेले. चष्मेवाल्यांना दोन्ही ठिकाणी बाईच्या मागे नुसता धुरकट अंधार दिसत होता. "कॅमेराच वाईट आहे," ते म्हणाले.

"कॅमेरा नाही, तुमचा चष्मा वाईट आहे! मला तर पातेलं स्वच्छ दिसतंय, तिसरीत. चुलीवर आहे, फेस आलाय वर. डोळे कधी तपासलेत शेवटचे?"

चष्मेवाले ओशाळले. गावभर चष्मे विकणाऱ्या माणसाचा स्वतःचा नंबर दीड वर्षं तपासलेला नव्हता. आपले डोळे आपल्याला तपासता येत नाहीत. दर वर्षी बायको दुकानात येऊन समोर उभी राहायची, भिंगं बदलायची आणि त्यांचीच नक्कल करत विचारायची, "हे बरं, की हे?" ती गेल्यावर ते काम राहून गेलं होतं. कोणाला सांगायचं हेच त्यांना सुचलं नव्हतं.

छोटीच्या शब्दावर विसंबून चालणार नव्हतं, पातेलं त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी छोटी दुकानात त्यांच्यासमोर उभी राहिली. तिनं दोनदा भिंग पाडलं, एकदा उलटं घातलं, आणि गळा खाकरून म्हणाली, "हं. हे बरं, की हे?"

आवाज थेट बहिणीचा होता. चष्मेवाल्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"भावोजी, नीट बघा ना."

"पाण्यातून काय दिसणार आहे, डोंबल? थांब जरा."

ती थांबली. तिला स्वतःलाही समोरचं धड दिसत नव्हतं. शेवटी नंबर निघाला, संध्याकाळपर्यंत भिंगं बसली, आणि नव्या चष्म्यातून चष्मेवाल्यांनी तिसरी थाप पाहिली. बाई दाराकडे वळली होती, मागे चुलीवर पातेलं होतं, आणि ते खरोखरच उतू चाललं होतं. एकतिसावं मिनिट. छोटीनं तिथे बटण दाबलं. लाल रेघ अर्ध्याच्या थोडी पुढे येऊन थांबली.

"आता याला कोणी हात लावायचा नाही," छोटीनं फोनवर भाचीला दम दिला. "मीसुद्धा."

लेकीनं शहाणपणा करून टीव्हीवर आणखी एक नाव घातलं, 'बाबा'. "तुम्हाला काही बघायचं असेल, तर यात बघा. आईचं तसंच राहील."

"मला काय बघायचंय?" चष्मेवाले म्हणाले.

छोटी गेली, घर पुन्हा रिकामं झालं, आणि तिसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांच्या लक्षात एक भलतीच गोष्ट आली. तो भाग अकरा वेळा बघून झाला होता, आणि आता दाराशी कोण आलंय हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं. त्यांनी 'बाबा' उघडलं आणि पहिल्या भागापासून सुरुवात केली. हाताला काम असावं म्हणून समोर टॉवेल घेतले. तिसऱ्या भागात ते पडद्यावरच्या वकिलाला म्हणाले, "खोटं बोलतोयस." पाचव्यात, "या बाईला एक तरी बरी मैत्रीण द्या रे." दुकानात गिऱ्हाइकांना ते आपणहून मतं सांगू लागले. एकदाही त्यांना झोप लागली नाही. कसा वाटला, हे विचारणारी असताना मात्र ते तीस वर्षं घोरत होते, आणि या विचारानं त्यांना रोज टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घालावी लागे.

बाराव्या, शेवटच्या भागात पुन्हा दारावर थाप पडली. सहाव्यात दाराशी कोण होतं, ते मालिकेनं तोवर सांगितलंच नव्हतं; या वेळी मात्र बाईनं दार उघडलं. बाहेर खलाशी उभा होता, नखशिखांत भिजलेला. ती काही बोलायच्या आत तो पुढे झाला आणि ओले बूट घालून, नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून सरळ घरात शिरला.

चष्मेवाले टॉवेलांसकट उठून उभे राहिले. ते मोठ्यानं हसले, इतके की चष्मा नाकावरून घसरला. "अगं, तो आ—" म्हणत ते तिच्या खुर्चीकडे वळले.

खुर्चीत त्यांनीच घड्या घालून ठेवलेले टॉवेल होते.

ते तसेच उभे राहिले. पडद्यावर नावं येऊन गेली. मग त्यांनी 'बाबा' बंद करून 'आई' उघडलं. सहावा भाग. रेघ जागेवर होती. बाई अजून दाराशी पोचायची होती आणि पातेलं उतू चाललं होतं.

"एक तुझं चुकलं," ते खुर्चीला म्हणाले, "आणि एक अगदी बरोबर आलं. याच्यापुढे काही विचारू नकोस."

शेवट सांगितला तर ती अबोला धरील, हे त्यांना माहीत होतं. अबोला तसा आठ महिने चालूच होता. तरी त्यांनी सांगितला नाही.