दोन दिसले का एक?

आमचे शेजारी डोमाजी भाऊजी कोणालाच रामराम घालत नाहीत. शेताकडून येणारा दिसला की सायकल आडवी लावतात आणि विचारतात, "दोन दिसले का एक?"

काय दोन, काय एक, ते सांगायची त्यांना गरज वाटत नाही. गावाला माहीत आहे. त्यांच्या आणि आमच्या धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, सारस पक्ष्यांची जोडी राहते. माणसाएवढी उंच, लाल डोक्याची. पूर्वी अशा जोड्या गावोगावी होत्या. आता उन्हाळ्यात मोजणीवाले येतात, ते दुर्बिणी लावून दिवसभर शोधत फिरतात. मागे त्यांनी विचारलं, "काका, तुमच्याकडे किती?"

"दोन. पन लिहून नका घेऊ, नजर लागते."

बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान जरा खालून गेलं की हे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहून छत्री उगारतात. "वर जा ना लेका, वर! अंड्यावर बसली हाय ते!" जोडी विजेच्या मोठ्या तारांकडे उडाली, की पलीकडे पोचेपर्यंत यांचा श्वास अडकलेला. घरट्याच्या बांधीत फवारा मारायचा नाही, घरट्याभोवतीचं धान कापायचं नाही. बायको गेल्यापासून तर हे वेड फारच वाढलं.

मला ते 'ढीगवाली वहिनी' म्हणतात. कारण आहे. नवी नवरी असताना मी धानाच्या रोवण्याला गेले. कामसू दिसायची भारी हौस! बांधीच्या मधोमध पाण्यात काडीकचऱ्याचा ढीग. एवढा पसारा कोणी ठेवला म्हणून पदर खोचला आणि सगळा उपसून धुऱ्यावर फेकला. सासूबाई आता कौतुक करतील म्हणून वळून पाहते, तर तरणे डोमाजी चिखलातून बोंबलत येताहेत, "वहिनी, घर कायले मोडून राहिली व त्याईचं?"

अंडी अजून व्हायची होती, एवढंच नशीब. आणि मी शहाणी वर काय म्हणाले असेन? "मंग पाटी लावाची होती!" नातवंडं अजून हसतात.

यंदा त्याच बांधीत पुन्हा ढीग उभा राहिला. दोन अंडीही आली. आणि सोमवारपासून एकच पक्षी दिसू लागला. आम्ही तारांखाली शोधलं, नाल्यात शोधलं. पीससुद्धा सापडलं नाही.

गुरुवारी दुपारी मी शेतातून परतत होते. भाऊजी घरट्यापासून लांब, पळसाखाली छत्री धरून बसलेले.

"दोन दिसले का एक?"

मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. "दोन," मी म्हणाले.

"खोटं कायले बोलते व वहिनी? मी सकाळपासून इथंच बसून राहिलो. एकच हाय."

"मंग विचारता काऊन?"

"कोनी तरी दोन म्हनावं म्हून."

मग घरट्याकडे बघत म्हणाले, "ते चरायले उठली का कावळे येतेत अंड्यावर. एकटीनं कोठं कोठं पाहावं तिनं?"

आदल्या दिवसापासून ते जेवले नव्हते. घरी विचारणारं तरी कोण होतं?

मी त्यांच्या हातातली छत्री काढून घेतली. "जा, आमच्या घरी जेवून या. सून भात वाढंल. तवरिक मी हाय इथं."

दहा पावलं गेले, थांबले आणि वळले.

"वहिनी, ढिगाले हात नोको लावजो व!"