बैलांना पटलं पाहिजे

निवडणूक जाहीर झाली की बापू बैलांची शिंगं रंगवायला काढत. पोळ्याला एक हात मारतील, पण निवडणुकीला दोन. कारण विचारलं तर म्हणत, "पोळ्याला बैल नुसते मिरवत्यात. इलेक्शनला त्यास्नी काम असतं."

आमचं गाव केडगाव स्टेशनपासून बैलगाडीनं तासाभराच्या वाटेवर. मध्ये वाळूचा ओढा, त्यामुळं मोटारीचं नाव नको. मोठा पाहुणा आला की त्याला स्टेशनवरून गावातल्या सगळ्यांत देखण्या छकड्यातून वाजतगाजत आणायचं, अशी जुनी रीत होती; आणि सगळ्यांत देखणा छकडा बापूंचा, यावर गावात दुमत नव्हतं. त्यामुळं पुढारी कुठल्याही पक्षाचा असो, सभेला यायचा तो बापूंना खेटून बसून. मी तिथं शाळामास्तर. हार सांभाळायचं काम माझ्याकडं, म्हणून मी मागच्या बाजूला पाय सोडून बसलेला असायचो.

वाटेत बापू पाहुण्याची विचारपूस करत. अगदी मऊ आवाजात. शिकलात कुठवर, जमीन कुठं, आधी काय करत होता. गावाच्या शिवेवर एक चिंच होती. तिथं बापू छकडा थांबवत. पाहुण्याच्या बोलण्यावर विश्वास बसला असेल तर छकडा पुढं चावडीपर्यंत जायचा. बसला नसेल तर बापू शांतपणे खाली उतरत, जू मोकळं करत आणि हात जोडून सांगत, "बैलास्नी पटंना, साहेब. हितनं पायी जावं लागंल."

वेशीपाशी हसनभाई मुलाण्यांचं चहाचं दुकान होतं. पुढारी धोतराचा सोगा धरून चालत येताना दिसला की हसनभाई आत आरोळी देत, "पायी हाय रं!" मग निम्मे लोक चहा संपवून सरळ रानात जात.

शिरूरकडचे एक उमेदवार आले होते. नावापुढं 'वकील' लावायचे. बापूंनी विचारलं, "शेजाऱ्यानं बांध कोरला तर काय करावं, वकीलसाहेब?" वकीलसाहेब म्हणाले, "समजुतीनं मिटवावं." बापूंनी मान हलवली. "ते तर आमी वकिलाबिगर बी मिटवतो." चिंचेखाली जू सुटलं.

दुसरे एक स्वतःला 'शेतकऱ्याचा पुत्र' म्हणवत. बापूंनी कौतुकानं कासरा त्यांच्या हाती दिला. त्यांनी दोन्हीकडून असा काही ओढला, की बैल गोंधळले आणि छकडा ओढ्यात आडवा झाला. बापू धोतर झटकत मला म्हणाले, "बाप शेतकरी असंल की. पर ह्यांची त्याची गाठ पडलेली दिसत न्हाई."

चावडीपर्यंत छकड्यातून गेलेला मी एकच उमेदवार पाहिला. शिक्षण विचारल्यावर त्यानं तोंडभर हसून 'चौथी नापास' असं सांगितलं होतं. तो सपाटून पडला. आमच्या गावानंही त्याला मत दिलं नाही. बापूंना त्याचं काहीच वाटलं नाही. "मत गावाचं, बैल माजं," म्हणाले.

असा हा माणूस एका निवडणुकीच्या आधी मात्र गप्प गप्प राहायला लागला. गावात हस्तपत्रकं आली होती. उमेदवार म्हणून बापूंचा धाकटा भाऊ नामदेव उभा होता आणि नावाखाली छापलं होतं, 'बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगवास भोगलेले'.

आईबाप लवकर गेल्यावर नामदेवला बापूंनीच वाढवला. त्या नादात स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. नामदेव पुण्याला गेला, नोकरीला लागला, मग पुढारी झाला आणि गावाकडं यायचा थांबला. त्या बेचाळीस साली तो कुठं होता हे गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. तो बापूंच्या घरात मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळला होता. ताप मेंदूत गेला तेव्हा हसनभाईंनी छकडा हाकला होता आणि बापू त्याचं डोकं मांडीवर घेऊन केडगावच्या दवाखान्यापर्यंत गेले होते. त्यानंतर सारा पावसाळा बापू त्याच्या उशाशी बसून होते, शेतात फिरकले नाहीत. पण आता घरचा माणूस आमदार व्हायचा होता, गावाला रस्ता मिळायचा होता. लोक म्हणाले, जाऊ द्या, कोण बघायला गेलंय.

बघायचं होतं ते बापूंकडं. जू सुटलं तर नामदेवची आपल्याच गावात शोभा होणार आणि इतक्या वर्षांनी आलेला भाऊ पुन्हा उंबऱ्याला पाय लावणार नाही. नाही सुटलं, तर बापूंच्या चिंचेला यापुढं कोण विचारतो?

सभेच्या दिवशी बापूंनी पहाटेच वांग्याची भाजी करून ठेवली. नामदेवच्या आवडीची. स्टेशनवर नामदेव उतरला, कडक इस्त्रीचे कपडे, हातात पत्र्याची ट्रंक. वाकून पाया पडला. वाटेत बापूंनी चक्क काही विचारलं नाही. ओढ्याला आल्यावर फक्त म्हणाले, "सावकाश बस. हादरा बसंल."

चिंच आली आणि बैल सवयीनं थांबले. बापूंनी चुचकारलं, शेपटीला हात लावला. बैल ढिम्म. वेशीतून सगळं गाव बघत होतं. माझ्या हातातला हार घामानं ओला झाला.

"नामा," बापू पुढं बघतच म्हणाले, "त्या कागदावरचं तू लिवलंस का दुसऱ्या कुनी?"

नामदेवनं ट्रंकेवरची धूळ झटकली. मग हळूच म्हणाला, "सगळेच लिहितात, दादा. त्याशिवाय तिकीट मिळत नाही."

बापू उतरले आणि त्यांनी जू सोडलं.

नामदेवचा चेहरा उतरला. तो खाली उतरून ट्रंकेकडं वळला, तेवढ्यात बापूंनी ती उचलून आपल्या डोक्यावर घेतली. "चल," म्हणाले. आणि रंगवलेल्या शिंगांचे बैल चिंचेखाली सोडून आमदारकीचा उमेदवार आणि डोक्यावर ट्रंक घेतलेले बापू गावाकडं जोडीनं चालू लागले. मी हार घेऊन मागं. वेशीपाशी हसनभाईंनी तोंड उघडलं होतं. बापूंना बघून त्यांनी ते मिटलं आणि पुढं येऊन ट्रंकेची एका बाजूची कडी धरली.

सभा झाली. नामदेव रस्त्याबद्दल बोलला, तुरुंगाबद्दल बोलला नाही. नंतर भावाच्या घरी पोटभर जेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. त्याला स्टेशनवर सोडायला बापू छकडा घेऊन गेले. जाताना बैल चिंचेपाशी थांबले नाहीत, निदान बापू तसं सांगत.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या आवारात मी त्यांना विचारलं, "बापू, भावाला दिलंत का मत?"

"न्हाई."

"जेवायला घातलंत, ट्रंक वाहिलीत, आणि मत नाही? एवढा राग?"

बापू भिंतीला टेकून खाली बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि त्यावरून उगाच हात फिरवत राहिले.

"राग न्हाई, मास्तर. तुरुंगात गेलो म्हनायचंच व्हतं, तर दुसरं कंचं बी साल घ्यायचं. म्या हू का चू केलं नसतं." ते पागोट्याकडंच बघत म्हणाले, "त्येवढं येक साल माजं व्हतं."