तिसऱ्या मजल्याच्या राज्यात कर्फ्यू जाहला त्याची हकिकत

श्रीगजाननाचे पायी मस्तक ठेवून, आणि ज्या ज्या घरी वयात आलेले लेकरू आहे त्या त्या घरच्या कुलदैवतास वेगळा दंडवत घालून लिहितो ऐसे जे. शालिवाहन शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. संवत्सराचे नावच क्रोधी, तेव्हा पुढे जे घडले त्याचा सगळा दोष माणसांवरच ठेवू नये.

एक राज्य होते. त्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. तीन दालने, एक मुदपाकखाना, पश्चिमेस सज्जा, आणि चढून यावयास तीन मजल्यांचा जिना, कारण लिफ्ट होती ती बहुतकरून रुसलेली असे. राज्यावर अंमल वैजयंताबाईसाहेबांचा. यजमान मुकुंदराव सकाळी कचेरीच्या मोहिमेवर कूच करीत ते दिवेलागणीनंतर परतत, आणि राज्यात काय उलथापालथ जाहली हे त्यांस ताटावर बसल्यावर कळे. उभयतांस एकच कन्या, शर्वरी, पंधरावे वर्ष लागलेले, शाळेच्या खो-खोच्या संघात पहिली धावणारी, आणि घरी यावयाच्या वेळी तितकीच शेवटली. ती उशिरा आली म्हणजे बाईसाहेब दारातच गर्जत, "आलीस का उंडारून? तंगडी मोडून हातात देईन एक दिवस! येऊ दे बाबांना, मग बघते तुझ्याकडे!" आणि शेजारची तिन्ही बिऱ्हाडे ऐकत, आणि मग बाबा येत, आणि बाईसाहेब बाबांस सांगावयाचे विसरून जात, आणि कन्येच्या पानात तुपाची धार जरा जास्तच पडे. इतक्या वर्षांत तंगडी एकही मोडली नाही. हे राज्याचे जुने दस्तूर होते आणि त्यात कोणाचे काही वाईट चालले नव्हते.

तों त्या साली शाळेत पालकांचा दरबार भरला, आणि तेथे लोपाबाई म्हणोन समुपदेशक होत्या, त्यांनी बाईसाहेबांस एकीकडे घेऊन विचारले की मुलीस रागे कैसे भरता? बाईसाहेबांनी सरळ मनाने सांगितले. ते ऐकून लोपाबाईंनी कपाळावर हात मारिला आणि बोलिल्या, "अहो, ही हिंसेची भाषा! मुलांच्या मनावर काय परिणाम होत असेल?" मग बाईसाहेब इतक्या ओशाळल्या की काही विचारू नये. मग लोपाबाईंनी त्यांस इंग्रजी शब्द दिधले आणि एकेकाचा अर्थ समजाविला. कर्फ्यू म्हणजे नेमल्या घटकेस उंबऱ्याच्या आत. ग्राउंडेड म्हणजे पायांत बेडी नाही, दारास कुलूप नाही, तरी शाळेवाचून कोठे पाऊल टाकू नये. प्रिव्हिलेज म्हणजे कालपर्यंत जे आपले म्हणोन वापरिले ते आजपासून मेहेरबानी, मग तो मोबाइल असो की मैदान. आणि कॉन्सिक्वेन्स म्हणजे नुसता परिणाम, परंतु लोपाबाई तो शब्द ऐशा थंडपणे उच्चारीत की ऐकणाराने आपले काय चुकले ते आठवावे. वर ताकीद दिली की आवाज चढवू नये, एकदाच बोलावे, आणि बोलले ते अक्षरशः करावे.

बाईसाहेब घरी आल्या आणि तो दस्तूर चालू केला. माया मराठीत, राग इंग्रजीत, आणि इंग्रजी हळू आवाजात. प्रथम मुकुंदराव हसले. "अगं, आपल्या घरात साहेब केव्हा आला?" म्हणाले. परंतु घर शांत जाहले, शेजारी वाहवा करू लागले, म्हणोन तेही गप्प बसले. शर्वरीचे काय जाहले ते मात्र कोणी पाहिले नाही. आई ओरडे तेव्हा ती पाठीमागे जीभ दाखवीत असे, आता आई खुर्चीत बसून, हातांची घडी घालून, "शर्वरी, देअर विल बी कॉन्सिक्वेन्सेस" ऐसे बोलली की पोरीचे तळहात गार पडत. कारण जुन्या धमकीचा शेवट तिला ठाऊक होता, आणि हे नवे शब्द खरेच अमलात येत. मार्गशीर्षात एकदा ती उशिरा आली, तेव्हा मोबाइल जप्त जाहला आणि आईच्या कपाटात पैठणीखाली कैद पडला. पुन्हा संध्याकाळी सातचा कर्फ्यू चुकला तर ग्राउंडेड, आणि जिल्ह्याच्या निवडीस जाणे बंद, हा हुकूम सादर जाहला. पोरीने मान हलविली. उलट उत्तर एक केले नाही, आणि बाईसाहेबांस वाटले, वा, काय गुण आला!

मग तो दिवस उगवला. मार्गशीर्षातला दिवस तो, हा हा म्हणता बुडाला. सात वाजले आणि शर्वरी आली नाही. बाईसाहेब खुर्चीत बसल्या, हातांची घडी घातली, आणि बोलावयाचे इंग्रजी वाक्य मनात घोळविले. सवासात जाहले, आणि घडी सुटली. साडेसात होत आले, आणि वाक्य विसरले. मग सवयीने हात फोनाकडे गेला, लेकीचा नंबर लाविला, आणि आत कपाटातून, पैठणीखालून, तिचे आवडते गाणे वाजू लागले. पोरीस हाक मारावयाची एकच वाट, आणि ती आपल्याच हाताने आपण कुलपात घातली! मग खो-खोच्या सरांस फोन केला, तों सर म्हणाले, "मी तर साडेसहालाच सोडलं सगळ्यांना, वहिनी. शर्वरी सगळ्यात आधी पळाली." मग मुकुंदरावांस फोन केला. ते रस्त्यात गाडीत अडकलेले. "तिला फोन लाव ना!" म्हणाले.

"अहो, फोन कपाटात वाजतोय तिचा," बाईसाहेब बोलिल्या, आणि उत्तराची वाट न पाहता फोन बंद केला.

एका पायात स्वतःची, दुसऱ्या पायात नवऱ्याची चप्पल घालून जिना उतरल्या. खाली चौकीदार दगडूमामा, त्यांस विचारिले, तर म्हणाले, "ताई आल्याचं दिसलं नाय बाई, पण मी टँकरपाशी होतो, पानी भरून घेत होतो." मग बाई मैदानाच्या वाटेस धावल्या. ती वाट पालिकेने नळासाठी खणून टाकलेली, दिवे बंद, आणि खड्ड्याकाठी पत्रे उभे केलेले. बाई एकेका पत्र्यामागे डोकावत, आणि डोकावण्याआधी डोळे मिटीत, कारण तेथे काही दिसले तर काय, आणि न दिसले तर मग कोठे! लेकीच्या नावाने हाका मारल्या, आवाज चिरकला, वाटेवरची माणसे थांबून पाहू लागली. मैदानावर काळोख आणि एक कुत्रे. मन चिंती ते वैरीही न चिंती म्हणतात, तैसे सगळे वाईट त्या एका वाटेवर त्यांनी चिंतून टाकले. परत फिरल्या त्या पोलिसांत जावयाचे ठरवूनच, लेकीचा फोटो घ्यावयास म्हणोन वर आल्या.

दारापाशी मोबाइलचा उजेड पाडून किल्ली लावू लागल्या, तों पायपुसण्यावर रक्ताचा ठिपका दिसला.

ठिपका ओला होता. दुसरा ठिपका दारात नव्हता, तो वर जाणाऱ्या पायरीवर होता, आणि त्याच्या वर आणखी. भिंत धरून, देवाचे नावही आठवेना ऐशा अवस्थेत त्या चढल्या, आणि गच्चीच्या बंद दारापाशी, शेवटल्या पायरीवर, दप्तर पोटाशी धरून शर्वरी बसली होती. गुडघा फुटलेला, मोजा रक्ताने भरलेला. आईस पाहून ती उठली नाही, उलट भिंतीकडे सरकली.

"सात वाजून गेले होते गं," ती बोलिली. "मी पळत होते, खड्ड्यापाशी पडले. पायच टेकेना. बसत-लंगडत दारापर्यंत आले, बेलवर बोटसुद्धा ठेवलं. तू खाली धावलीस ना, तेसुद्धा पाहिलं मी वरून. पण आवाजच फुटेना." आणि मग स्वतःच, हळू आवाजात, जैसी आई बोले तैसी बोलिली, "आय नो. आय ॲम ग्राउंडेड."

तेव्हा बाईसाहेबांचा तोल सुटला आणि लोपाबाईंचा सगळा दस्तूर जिन्यावरून गडगडत खाली गेला. "ग्राउंडेड गेलं खड्ड्यात!" ऐशा ओरडल्या की चारही मजल्यांची दारे उघडली. "भवाने! रक्त गळतंय आणि इथे काळोखात बसतेस? आईच्या दारातून परत फिरतेस? पुन्हा अशी लपलीस ना, तर तंगडी मोडून हातात देईन, सांगून ठेवते!"

पोरीस हुंदका फुटला, आणि आईच्या गळ्यात पडून बोलिली, "अर्धी मोडूनच आणलीय गं." मायलेकी त्या पायरीवर बसून मोठ्याने रडल्या. दगडूमामांनी हळदीची पूड आणिली, आणि मुकुंदराव धापा टाकीत आले ते लेकीचा पाय मांडीवर घेऊन तेथेच बसले.

येथवर हकिकत. मोबाइल पैठणीखालून सुटला, गुडघा भरला, निवड त्या साली हुकली. इंग्रजी बोली राज्यातून हद्दपार जाहली आणि तिन्ही बिऱ्हाडांस पूर्ववत गर्जना ऐकू येऊ लागली. परंतु शर्वरी अद्यापि दारात आली म्हणजे बेल वाजविण्याआधी मनगटावरचे घड्याळ पाहते, आणि बाईसाहेब आतून कान देऊन असतात की पावले दाराशी थांबली, ती वर तर गेली नाहीत. इति.